सासूबाईंच्या पोटातली वाट

ये गं पोरी, अशी जवळ सरकून बसल्यागत हे पत्र नीट वाच. तुझी आई सांगत होती, तू घास न चावताच गिळतीस. मांजर लागलंय का पाठीमागं? पोटात घास कसा चालतो ते मी या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून बोलते.

निझामाचं राज्य होतं. कुंभार पिंपळगावात मी नवी सून म्हणून आल्ते. मी आले आन् सासूबाईंचं अन्न पोटात ठरेना. सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडायचं. गल्लीतल्या बाया म्हणायला लागल्या, सुनेनं काहीतरी खाऊ घातलं, करणीचा घास आत अडकलाय. सासूबाईंनी माझ्या हातचं पाणीसुद्धा बंद केलं. मला कायमचं माहेरी धाडायचं घाटत होतं. सासरे म्हणाले, "आधी जालन्याला दाखवू. तिथला डॉक्टर पोटातलं पाहतो म्हणे."

"मंग हिलाबी घ्या संगं," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या देखतच निघू द्या तो घास."

परतूरपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. डॉक्टर हैदराबादचे, बोलणं सगळं उर्दूत. कंपाउंडरनं मराठीत सांगितलं, उद्या उपास धरून या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "अम्मा, कुछ खाया तो नहीं?"

"छे! उपास हाय माझा. नुसती भगर आन् दाण्याची आमटी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अम्मा, रोजा रखो, रोजा! पानी भी नहीं."

"असं सरळ सांगा की," सासूबाई म्हणाल्या. शेजारच्या खालाचे रोजे त्यांनी जन्मभर पाहिले होते.

मंग तिसऱ्या दिवशी खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावलं. आंधाराची सवय व्हावी म्हणून डॉक्टर आधीपासूनच लाल काचांचा चष्मा घालून बसले होते. खडू कालवल्यागत घट्ट पांढऱ्या औषधाचा पेला त्यांनी माझ्या हाती दिला. सासूबाईंनी तोंड फिरवलं. शेवटी डॉक्टरांनीच पाजला.

आन् सासूबाईंच्या समोरची एक्स-रेची फळी हिरवट उजळली.

काय सांगू तुला! बरगड्या दिसल्या. काळीज धडधडताना दिसलं. जिच्यापुढं मान वर करायची माझी हिंमत नव्हती, तिचं काळीज मी पाहून राह्यले होते! पांढरं प्यायलेलं आत गेल्यावर मात्र काळं दिसत होतं, शाईच्या ओघळागत. ते गळ्यातून उतरलं, पोटात साठलं. आन् पोट आपलं आपणच लाटा काढायला लागलं, कुणी न हलवता. किती राबतं गं ते आत, आन् आपल्याला पत्ता न्हाई! खालच्या तोंडाशी मात्र वाट सुईच्या नेढ्याएवढी. तिथून दोऱ्याएवढंच पुढं सरकायचं.

दुपारी परत पाहिलं, उन्हं कलल्यावर परत पाहिलं. ते बरंचसं तिथंच होतं. डॉक्टर म्हणाले, "अब तक तो कब का उतर जाना था. पुरानी जखम है, बरसों की. भरते भरते रास्ता तंग हो गया."

"बरसों म्हंजे?" सासूबाईंनी विचारलं. "ही घरात यायच्या आधीची?"

"बहुत पहले की, अम्मा."

ऑपरेशन करून वाट मोकळी करायचं ठरलं, तवर पातळ पेज द्यायची. मी बाहेर चूल मांडून पेज केली, वाटी घेऊन दाराशी उभी राह्यले. आत जायचं धाडस होईना.

"बघत काय उभी राह्यलीस?" आतून आवाज आला. "आण ती हिकडं. गार होऊन राह्यली."

पोटातली ती लाट कशी उठायची ते कागदावर उतरत न्हाई बघ, हात हलवून दाखवावं लागतं. तवा जल्दी ये एकदा, चार दिवस राहायला.