बाळूच्या जोडीचा बैल

बैलाला शिकवतात तसं कुत्र्याला शिकवू नये. हे मला कुणी विचारलेलं नाही, पण सांगायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही.

झालं असं, की तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं बारामतीत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "रोज चालला नाहीत तर गुडघा आखडेल, मग कायमचं अंथरूण." तात्यांनी मान डोलावली, सांगवीला घरी आले आणि पडवीतल्या बाजेवर बसले ते बसलेच. वॉकरवर टॉवेल वाळत घातला. उभा जन्म बैलांच्या मागं चाललेला माणूस, पण आता एकच पालुपद, "बैल न्हाईत, रान ट्रॅक्टरनं हुतंय. चालून जायाचं कुठं?"

त्याच सुमारास वालचंदनगरच्या एका मित्राची बदली झाली. क्वार्टर सोडताना त्यानं आपला लॅब्रेडॉर मला दिला. माझा बेत असा, की कुत्रा फिरवायच्या निमित्तानं तात्या चालतील. बायको म्हणाली, "तात्या कुत्र्याला फिरवणार का कुत्रा तात्यांना?" मी दुर्लक्ष केलं. (मी शाळामास्तर आहे. प्रश्नांकडे दुर्लक्ष करायची सवय आहे.)

तात्यांनी त्याचं नाव बाळू ठेवलं. बाळू तसा गुणी, फक्त पट्टा दिसला की त्याच्या अंगात यायचं! असला पट्टा नव्या गुडघ्याच्या हाती कसा द्यायचा? म्हणून आधी मीच त्याला वळण लावायचं ठरवलं. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुत्र्यानं ओढलं की आपण थांबायचं, पट्टा सैल पडला की बिस्किट द्यायचं. मी थांबलो. बाळू थांबला नाही. वाटेत तुळशीवृंदावन आलं, त्याला मिठी मारली म्हणून मी अंगणातच राहिलो. बिस्किटांचा पुडा बाळूनं कागदासकट खाल्ला.

तात्या बाजेवरून बघत होते.

"आरं, बिस्किटावर जनावर शिकतंय व्हय? नवं खोंड एकटं जुपायचं नसतंय. जुन्या बैलाच्या जोडीला घालायचं. म्हातारा थांबला की नवं आपसूक थांबतंय."

"तात्या, आता जुना बैल कुठनं आणू?"

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

पट्टा माझ्या कमरेला बांधला. गाठ तात्यांनी स्वतः मारली, न सुटणारी. "चल" म्हटलं की चालायचं, "होऽ" म्हटलं की थांबायचं. तात्या बाजेवरून हुकूम सोडायचे आणि आम्ही दोघं अंगणात फेऱ्या मारायचो. चार दिवसांत बाळू मान खाली घालून असा ओढायला लागला, की नांगराला सहज चालला असता.

"शाब्बास! चांगलं वढतंय," तात्या खूश होऊन म्हणाले.

"तात्या, त्यानं ओढू नये म्हणून शिकवतोय आपण."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर गाणी दणाणतायत. बाळूला गाणं आवडलं असावं. तो निघाला, आणि जोडीचा बैल कमरेला बांधलेला असल्यानं मीही निघालो. फाटक गेलं. रस्ता गेला. एक चप्पल पाण्याच्या चारीत गेली. माझ्या वर्गातल्या दोन मुली सायकलवरून उतरून अदबीनं "गुड मॉर्निंग, सर" म्हणाल्या. मी जाता जाता उत्तर दिलं. मग बाळू शेजाऱ्याच्या नुकतंच पाणी दिलेल्या उसात शिरला.

आणि मागून आवाज आला, "होऽऽऽ!"

बाळू थांबला नाही. मी थांबलो. पायात भिनलं होतं ते. पट्टा ताणला, बाळू गचकन मागं आला आणि मी चिखलात पालथा झालो.

तोंड वर केलं तर बांधावर तात्या. वॉकर नाही, काठी नाही. धोतराचा सोगा हातात, धाप लागलेली.

"लागलं का रं? पाय मोडला न्हाय न्हवं?"

"तात्या, तुम्ही चालत आलात?"

"मग? बैल उसात गेल्यावर बाजंवर बसून ऱ्हातू व्हय कुणी?"

मला रडू आलं. चिखलामुळं कुणाला दिसलं नाही. मी बाळूच्या गळ्यात पडलो, त्यानं माझं तोंड चाटून साफ केलं. ट्रॅक्टरवाल्याला, त्याच्या गाण्यांना, शेजाऱ्याच्या पाण्याला, सगळ्यांना मी मनोमन हात जोडले. त्या दिवशी बाळूला कुणी आडवं आलं असतं, तर तात्या आजही बाजेवर असते.

आता रोज संध्याकाळी आमची स्वारी निघते. पुढं बाळू, मध्ये मी, मागं तात्या. गुडघा झकास आहे. परवा बावड्याहून पाव्हणे आले होते. त्यांनी रस्त्यातच विचारलं, "काय तात्या, लागलं का कुत्रं वळणाला?"

"न्हाय अजून," तात्या म्हणाले, "पण पोरगं लागलंय."

मी यावर चांगलं सणसणीत उत्तर देणार होतो. पण तेवढ्यात तात्या "चल" म्हणाले, आणि मी चालू लागलो.