रात्री बाराचा मंगळवार

बर्फाच्या कारखान्यात पहिला संगणक मी चालवला. घरातला पहिला पदवीधरही मीच. पंख्याखाली लुंगी गुडघ्यावर घेऊन एक म्हातारा रोज फुकट बसायचा. नाव कधी विचारलं नाही.

एका सोमवारी विक्रीचा दिवसवार गोषवारा छापला, तर तारखेला वेळ चिकटलेली. म्हणून संगणकाने प्रत्येक नोंदीचा वेगळा दिवस धरला. म्हातारा कागदात डोकावला.

"एका सोमवाराचे इतके सोमवार? मगे मी मासे खावचे कधी?"

मी वेळ काढून नुसती तारीख ठेवली. एका दिवसाची एकच ओळ आली.

"तुझी तारीख बदलता कधी?"

"रात्री बाराक."

"उजाडल्यावर नाय?"

"नाय."

तो उठला. "बायल सकाळपर्यंत सोमवार धरता. सांगतंय तिका, ग्रॅज्युएटान सांगल्यान म्हणान."

मंगळवारी सकाळी तो पंख्याखाली बोटं हुंगत बसला होता. पदवी वाया गेली नाही.