खव्याच्या घरी काकडीच्या गुंडाळ्या

भूमच्या अलीकडं आमची वस्ती. घरी आठ म्हशी आणि खव्याची भट्टी. आलेल्या पाव्हण्याच्या हातावर आधी खव्याचा गोळा ठेवायचा, मग गाव विचारायचं, ही आमची पद्धत. आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं पसंत केलेल्या मुलाची आई नेमकी व्हिगन निघाली.

"म्हंजी कशी?" मी फोनवर विचारलं.

"दूध, दही, तूप, खवा, मध, काहीच खात न्हाईत त्या."

"आजारी हायत का?"

"न्हाय हो बाबा! जनावरांना तरास नको म्हणून. रविवारी आमी सगळे येतोय. आईचा हात प्लास्टरमधी हाय, तवा स्टार्टरचं तुमीच बघा. व्हिडिओ पाठवते."

आमच्याकडं स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा डबा. एक हिरवं बटण, एक लाल. मुलीला मोटारीची एवढी काळजी कधीपासून लागली ते कळेना, पण मी मेहुण्याला फोन लावला. बायकोचा हा धाकटा भाऊ येडशीला जळक्या मोटारी भरून देतो, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. शनिवारी दुपारी तो गाडीला नवा कोरा स्टार्टर बांधून दारात हजर.

तोवर व्हिडिओ आला होता. तिघांनी डोकी जवळ आणून पाहिला. पांढऱ्या टोपीतला एक माणूस काकडीच्या पातळ पट्ट्या काढत होता, त्यात काजूचं वाटण भरून गुंडाळत होता आणि गुंडाळ्या बिटाच्या चकतीवर उभ्या करत होता. सगळं कच्चं. चूल कुठंच नाही.

"दाजी, ही तर काकडी हाय," मेहुणा म्हणाला.

"व्हय."

"मग म्या ह्यो डबा कुठं लावू?"

बायको एवढी हसली की प्लास्टरचा हात सांभाळत भिंतीलाच टेकली.

मेहुणा मुक्कामालाच राहिला. मी काजू भिजत घातले. ते भिजले का हे तो इतक्यांदा चाखून बघत राहिला, की सकाळी निम्मेच उरले. बायको म्हणाली, "राहिलेल्यात शेंगदाणे घाला. आपल्याकडच्या शेंगदाण्याला कोण नाव ठेवतंय?" ती खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि मी वाटत होतो. काजू, शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची, मीठ, वर लिंबू. मिक्सरचं झाकण मी दाबून धरायला विसरलो. पहिला घास कॅलेंडरनं खाल्ला.

मग काकडी. पहिली कडू निघाली. दुसरी वेफर्सच्या किसणीवर मोडली. तिसरीच्या पट्ट्या निघाल्या, पण त्यावर बसून अंघोळ करता आली असती इतक्या जाड.

"द्या इकडं," मेहुणा म्हणाला. बायकोनं त्याचे हात तीनदा धुवायला लावले आणि स्वतः वास घेऊन बघितले. त्यानं काकडी किसणीवर अशी ओढली, की पट्टीतून तळहाताच्या रेषा दिसाव्यात. पट्टीवर वाटण, वाटणावर किसलेलं गाजर, आणि एका दमात गुंडाळी.

"ताण सारखा ठेवायचा, दाजी. ढिलं सोडलं की मोटार जळाली."

तरी गुंडाळ्या हळूहळू उलगडायला लागल्या. त्यानं खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं.

"मोटारीचा दोरा पाव्हण्यांच्या घशात घालतो का रं?" बायको ओरडली. "पातीच्या कांद्याची पात घे!"

त्यानं पात चिरून प्रत्येक गुंडाळीला बारीक गाठ मारली. वर डाळिंबाचा एकेक दाणा. ताट एवढं देखणं दिसायला लागलं, की आम्ही तिघं जरा लांब सरकून बसलो.

पाव्हणे आले: आमची मुलगी, होणारा जावई आणि त्याचे आईवडील. होणाऱ्या विहीणबाई बारीक चणीच्या आणि मऊ आवाजाच्या. त्यांनी एक गुंडाळी खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरी हातात धरून म्हणाल्या, "किती नाजूक! कुणी केल्यात?"

मेहुणा उभा राहिला. "म्या भरल्यात. ह्या अर्ध्या एचपीच्या हायत, ताई. मोठ्याला काकडी लांब लागती."

त्या खळखळून हसल्या. मला धीर आला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

मी मुलीकडं पाहिलं. ती पंख्याकडं बघत होती. म्हणजे हिनं सांगितलंच नव्हतं!

"म्हशी हायत," मी म्हणालो. "खवा करतो."

फक्त मेहुण्याच्या तोंडातली काकडी वाजत होती.

"मला म्हशी दाखवाल?" त्या म्हणाल्या.

गोठ्यात मी आरोपीसारखा उभा. एका म्हशीनं त्यांचा पदर चाटला. मी सांगितलं, शिंगामागं खाजवलं की तिला बरं वाटतं. तर त्या खाजवतच बसल्या, म्हशीनं डोळे मिटेपर्यंत. मग विचारलं, "पारडांना पोटभर दूध मिळतं?"

"एक सड त्यांच्यासाठीच सोडतो."

"चारातला एकच?"

"दोन करू," मी म्हणालो. मुलीच्या लग्नात माणूस काय काय कबूल करतो! पण शब्द दिला तो दिला. पारडं आता गोल झालीत आणि भट्टीचा धूर लवकर थांबतो.

परत आलो तर सतरंजीवर व्याही नव्हते. ते भट्टीजवळ सापडले, बायकोशेजारी उकिडवे बसलेले, हातात वाटी.

"मी फक्त कसं करतात ते बघत होतो," ते म्हणाले.

विहीणबाईंनी शांतपणे रुमाल पुढं केला. "मिशी पुसा. तुम्हाला मी कधी अडवलंय? लपून कशाला खाता?"

त्यांनी मिशी पुसली आणि उरलेला खवा सगळ्यांसमोर खाल्ला. त्यानंतर बोलणी सोपी झाली. दिवाळीनंतरचा साखरपुडा ठरला, तोही आमच्या अंगणात.

निघताना विहीणबाई मेहुण्याला म्हणाल्या, "साखरपुड्याला ह्याच गुंडाळ्या हव्यात. दोनशे माणसं असतील. जमेल ना?"

मेहुण्यानं मान खाजवली, छताकडं बघत हिशेब केला.

"जमंल," तो म्हणाला, "पण थ्री फेज लागंल."

त्या गाडीत बसल्यावरही हसत होत्या. मेहुणा मात्र फाटकाशी उभा राहून काकड्या कुठून उचलायच्या ते मला गंभीरपणे विचारत होता.