पोटाचा टीबी

माझ्या दुखण्याबद्दल बोलायचं तर संडासापासून सुरुवात करावी लागते, म्हणून मी सहसा बोलतच नाही. मुलुंडहून अंधेरीच्या ऑफिसला जाताना कुठल्या पेट्रोल पंपावर बरा संडास आहे हे मला पाठ आहे. क्रोन्स म्हणतात याला. शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच आतड्यावर उठतात, आत जखमा होतात, माणूस वाळत जातो.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, नाही. बाबांना पोटाचा टीबी होता, तेवढंच. त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "पुढच्या वेळी आईंना घेऊन या."

बाबांच्या टीबीच्या धाकात आमचं घर चालायचं. दोन खोल्यांत त्यांचं ताट, तांब्या, टॉवेल, सगळं वेगळं. ते गॅलरीत जेवायचे, मी आत. मी चौथीत असताना ते गेले, पण तोवर त्यांनी मला कधी उचलून घेतल्याचं आठवत नाही. आईला याचा अभिमान होता. "पोरीला वारंसुद्धा लागू दिलं नाही," असं ती शेजारणींना सांगायची.

दवाखान्यात ती इस्त्रीची साडी नेसून आली. डॉक्टर विचारत गेल्या आणि ती हुशार मुलीसारखी उत्तरं देत गेली. खोकला? कधीच नाही. टीबीच्या गोळ्यांनी उतार पडला? नाही हो, दोनदा कोर्स झाला तरी नाही. तोंडात फोड यायचे? सांधे दुखायचे? हो, हो, तुम्हाला कसं कळलं? हे कुठे चाललंय ते मला कळत होतं. टेबलाखालून डॉक्टरांना लाथ मारायला हवी होती, असं आजही वाटतं.

"काकू, आता खात्रीने नाही सांगता येणार, पण तो टीबी नसावा. दोन्ही आजार सारखेच दिसतात, गफलत होते. हिला आहे तेच त्यांना असावं."

मग त्यांनी संशोधनासाठी माझं रक्त मागितलं आणि कशासाठी तेही समजावलं. जनुक म्हणजे मूळ कागद. पेशी त्याची झेरॉक्स काढते, ती आरएनए. त्या झेरॉक्सवर मिथाइलच्या बारीक खुणा असतात, पेन्सिलीने केल्यासारख्या: ही जपून ठेव, ही लगेच फाड. काही घरांत मूळ कागदातल्याच फरकामुळे खुणा भलतीकडे पडतात आणि त्यातून आजाराचा धोका वाढतो का, हे त्यांना शोधायचं होतं. नक्की काहीच नव्हतं.

आईने त्यातलं एकच उचललं. "म्हणजे हे रक्तातून येतं. हात लावून नाही."

"नाही काकू. हात लावून तर पोटाचा टीबीसुद्धा होत नाही."

आम्ही रिक्षात बसलो. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिची दयाही येत होती. शेवटी म्हटलं, "तुला कुणी सांगितलंच नव्हतं ना गं."

ती बाहेर बघत राहिली. "गेले त्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, पोरीला जरा माझ्याजवळ बसव. मी तुला शेजारी पाठवून दिलं."

ती संध्याकाळ मला आठवते. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. मी उड्या मारत गेले होते.