माईक माझ्या हातात आला तेव्हा

संगमनेरच्या एका कॉलेजात मी वीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणजे नोट्स सांगितल्या. बी.ए.ला एक गाजलेली जुनी कादंबरी होती. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी पोरं, आणि त्यांना सापडलेला एक शंख. शंख ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुढे पोरं एकमेकांच्या जिवावर उठतात. माझी नोट ठरलेली: शंख म्हणजे सुसंस्कृत समाज, आणि दुष्टपणा बाहेर नसतो, माणसाच्या आतच असतो. हे मी अशा तोऱ्यात सांगायचो, जणू माझ्या आतला केर मी कधीच काढून टाकलाय. वर्ग मुकाट लिहून घ्यायचा.

एका मुलीनं मात्र पेन खाली ठेवलं. ती पाथर्डीकडची. आईबाप दरसाल ऊसतोडीला आमच्या भागात यायचे. त्या हंगामात आईचा हात मोडला, म्हणून बापाच्या जोडीला कोयता घेऊन ही उभी राहिली. तोड नसेल त्या दिवशी बोटांना चिंध्या गुंडाळून वर्गात यायची. कादंबरी तिनं फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती. हा गुन्हा आमच्या विभागात दुसऱ्या कोणी केल्याचं ऐकिवात नाही, प्राध्यापक धरून.

"सर," तिनं विचारलं, "शंख हातात हाय, आन् तरीबी जो बोलत न्हाई, त्यो कशाचं प्रतीक?"

वर्ग हसला. मीही हसलो. "हे परीक्षेला येत नाही," म्हणालो.

परीक्षेआधी हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. तिचं नाव होतं. ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, आईच्या दवाखान्याचे कागद जोडलेत. तुमी मीटिंगमधी तेवढं सांगा. ह्या वर्षी बसू दिलं न्हाई, तर घरचे माझं लग्न उरकून टाकत्याल."

"सांगतो ना," मी म्हणालो.

आमच्या मीटिंगची एक रीत होती. माईक एकच, तो ज्येष्ठतेनं हातोहात फिरायचा, आणि माईक नसेल त्यानं तोंड उघडायचं नाही. आधी झांजपथकातल्या पोरांचा विषय निघाला. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीसाठी पोरं दोन महिने वर्गाकडे फिरकली नव्हती. ते संस्थेचं काम, म्हणून सगळी हजर धरली. एका विद्वानानं तर झांज आणि आपली संस्कृती यांवर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं, आणि आम्ही मान डोलवली.

मग तिचा अर्ज आला. "ऊस तोडणं हे काही कॉलेजचं काम नव्हे," प्राचार्य म्हणाले. "नियम तो नियम. कोणाला काही बोलायचंय?"

माईक फिरत माझ्यापर्यंत आला. विभागप्रमुखपदासाठी माझं नाव त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर होतं. मी घसा खाकरला. ते खाकरणं साऱ्या हॉलला ऐकू गेलं. मग मी माईक शेजारच्याला दिला आणि मूग गिळून बसलो. अर्ज फेटाळला आणि चहा आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते आम्ही. त्या बेटावरच्या पोरांना निदान भूक तरी लागली होती; आमच्यापुढे सामोसे होते.

विभागप्रमुख मी झालो. दारावर पाटी लागली, त्या आठवड्यात ती दाखला न्यायला आली. हातावर मेंदी होती. माझ्याकडून नेलेली कादंबरी तिनं टेबलावर ठेवली. कोपीच्या धुरानं कव्हर काळवंडलं होतं. मी मान वर केली नाही.

"तुमी सांगितलंच असंल, सर," ती म्हणाली. "त्यांनीच ऐकलं नसंल."

मी "हो" म्हणालो.