वकीलकाकूंचा पत्ता

वकीलकाकू खोटं बोलताना पापणीही हलवत नसत. कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर दोनमधल्या त्यांच्या क्वार्टरवर एखादा नवरा तणतणत यायचा. आत स्वयंपाकघरात त्याचीच बायको मटार सोलत बसलेली. बाहेर काकू त्याला चहा देत म्हणायच्या, "मले काय विचारून राहिला बापू? बायको तुही, सांभाळाची तू."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वकिली पास झाले आणि ताठ मानेनं काकूंच्या हाताखाली गेले. मारहाणीविरुद्ध बाईनं अर्ज केला की त्याची प्रत नवऱ्यालाही जाते, पत्त्यासकट. मी टाईप करायला बसले की काकू मागे उभ्या. "माहा पत्ता टाक. येऊ दे त्याले इथंच." बाईला निघताना एकच सांगणं: "दुःख चारजणींत सांग. ठिकाण माहेरीबी सांगू नको."

जामुलच्या संध्याला त्यांनी कुम्हारीत नवऱ्यापासून लपायला खोली पाहून दिली. दुर्ग शहरात तिची आई रोज फोनवर रडायची. शेवटी संध्यानं आईला ठिकाण सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला संध्याची सासू त्या आईच्या दारात आली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "सुनेचं वाण राहिलं हो विहीणबाई. सवाष्णीचं वाण घरात कसं ठेवू?" सणाच्या दिवशी विहिणीला नाही कसं म्हणायचं? आईनं पत्ता दिला.

वाण घेऊन नवरा कुम्हारीला गेला. घरमालकिणीनं हातातलं वाण पाहिलं आणि खोली दाखवली. संध्या वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचं नाव, फोटो, गल्लीसुद्धा. काकूंनी पेपरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अब छुपाके क्या होगा, मैडम?" काकूंनी फोन ठेवला.

संध्याची आई येऊन काकूंच्या पायरीवर बसली. "मले वाटलं, वाण देऊन जाईल." काकू तिच्याजवळ टेकल्या. म्हणाल्या, "तुमचं काही नाही चुकलं, बाई."

काकूंनी त्यानंतर काम सोडलं. मुलाकडे नागपूरला गेल्या, तिथंच वारल्या. बाया आता माझ्याकडे येतात. कायदा मला पाठ आहे, आणि आईनं विहिणीला काय सांगावं हे त्यात कुठंच नाही, हेही ठाऊक आहे. मी बजावते, ठिकाण कोणाले सांगू नको.

"आईले बी नाही?" प्रत्येक बाई विचारते.

"आईले बी नाही."

मान हलवून उठते, फाटकाबाहेर जाते, आणि मला खिडकीतून दिसतं, तिनं फोन कानाला लावलेला असतो.