फिर्यादी सरकार

मी तेव्हा जिल्हा न्यायालयात सरकारी वकील होते. आरोपीला दोषी धरल्याचं न्यायाधीशांनी वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. पुढची ओळ ऐकली आणि हातातला पेन टेबलावर आपटला. पहिलाच गुन्हा, शिकलेला तरुण, म्हातारे आईवडील, पुढं सगळं आयुष्य पडलेलं. म्हणून खटला चालू असताना तुरुंगात काढली तेवढीच शिक्षा पुरे, आणि वर थोडा दंड. तो त्याच संध्याकाळी घरी गेला. त्याच्या मित्रांनी क्रांती चौकात पेढे वाटले म्हणे.

कशाबद्दल हे पेढे? शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीच्या पुढं, रस्त्यापासून आत, एका शेतात पत्र्याचं शेड होतं. पाटी रंगाच्या कारखान्याची. आत रंगाचा थेंब नव्हता. तिथं नशेची पांढरी पावडर बनत होती. मालक रसायनशास्त्र शिकलेला, चांगल्या खात्यापित्या घरचा. पोलिसांची गाडी फाट्यावरून वळताना त्याला दिसली, तशी त्यानं पिंपं मागच्या नाल्यात उलटी करायला लावली. पोलिसांच्या हाती लागला तो उरलासुरला माल. अमली पदार्थांच्या कायद्यात शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. सगळा माल सापडला असता तर दहा वर्षांच्या खाली येणं न्यायाधीशांच्याही हातात नव्हतं. थोडा सापडला, म्हणून किती द्यायची ते त्यांच्या मर्जीवर. थोडक्यात, जितकं नाल्यात ओतलं तितकी शिक्षा धुतली गेली.

आणि ओतायला त्यानं लावलं कुणाला? शेजारच्या वस्तीवरच्या एका धनगराच्या सुनेला. ती तिथं रोजानं पिंपं धुवायला जायची. रंगाचं काम आहे, एवढंच तिला माहीत. घाईत पिंप कलंडलं आणि आतलं रसायन तिच्या तोंडावर उडालं. उजवा डोळा गेला, डाव्यानं अंधुक दिसतं. सासूच्या शेळ्या त्या नाल्याचं पाणी पिऊन मेल्या. पोलिसांनी सुनेचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. डोळ्याची नोंद ‘अपघात’.

शेडमधल्या बाकीच्या कामगारांना कोर्टात काहीही आठवेना. ही एकटी उभी राहिली. आरोपीच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, “बाई, तुम्हाला नीट दिसत नाही. मग हाच तो माणूस, हे कसं सांगता?”

“आवाजावरून,” ती म्हणाली. “‘वत लवकर, वत!’ म्हननारा ह्योच हाय. माजं तोंड भाजत व्हतं तरी ह्यो वतच म्हनत व्हता.”

निकालानंतर सासू मला कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठून म्हणाली, “सुटला का त्यो?”

“सुटला नाही मावशी. दोषी ठरला. पण शिक्षा झाली ती भोगून झालेली आहे.”

“मंग वरच्या कोर्टात जाऊ की.”

मला तिला सांगावं लागलं की तिला जाता येत नाही. कमी शिक्षेविरुद्ध अपील करायचा हक्क फक्त सरकारला. या खटल्यात फिर्यादी सरकार आहे.

तिनं विचारलं, “मंग डोळा सरकारचा गेला का?”

मी पायऱ्या परत चढले. तशीच वरिष्ठांच्या खोलीत गेले. अपिलाचा प्रस्ताव पाठवायचा आहे म्हटल्यावर ते हसले. “अहो मॅडम, दोषी ठरला ना? असल्या खटल्यांत निम्मे सुटतात. जिंकलेल्या केसमध्ये कशाला जीव घालता?”

“सर, जिंकलं कोण? पेढे तर त्यांनी वाटले.”

“तुम्ही फार मनावर घेता.”

हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. पुरुष वकील चिडला की तो तडफदार, मी चिडले की मनावर घेते! प्रस्ताव मी त्यांच्या सहीसकट घेऊनच बाहेर पडले. मग फाईल मंजुरीसाठी मुंबईला मंत्रालयात गेली आणि तिथं बसली. मी फोन करायचे. पलीकडचे साहेब म्हणायचे, “सुटलेल्यांचीच अपिलं पडून आहेत बाई, तुमचा तर आत जाऊन आलाय.” मी रोज केला फोन. शेवटी कंटाळून का होईना, मंजुरी आली. मुदत संपता संपता अपील दाखल झालं.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठात युक्तिवाद तिथल्या सरकारी वकिलांनी केला. मी मागच्या बाकावर बसले होते. आरोपीचे वकील म्हणाले, माझा अशील सुधारला आहे, लग्न झालं आहे, दुधाचा धंदा करतो. न्यायमूर्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाल्यात काय ओतलं?”

“त्याचं वजन रेकॉर्डवर नाही, माय लॉर्ड.”

“वजन नाही. ओतल्याचा पुरावा आहे ना? पुरावा नष्ट करणाऱ्याला त्याचाच फायदा द्यायचा?”

वकील कागद चाळू लागले. शिक्षा सात वर्षांवर गेली. त्याला शरण यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गारखेड्यातल्या माझ्या घरून स्कूटर काढून मी वस्तीवर गेले. सासू दुसऱ्याच्या शेळ्या घेऊन रानात गेली होती. सून ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती, बोटांनी चाचपून, खडा लागला की बाजूला टाकत. मी सांगितलं. वाटलं होतं, रडेल, नाहीतर हात जोडेल. तिनं सूप खाली ठेवलं.

“डोळ्याचं काई लिवलंय का त्यात?”

नव्हतं लिहिलं. भरपाईसाठी वेगळा अर्ज करावा लागेल, मी तुला घेऊन जाईन, असं मी म्हणाले, आणि बोलतानाच मला स्वतःच्या त्या सरकारी सुराचा संताप आला. तो अर्ज आम्ही केला. त्याचे पैसे यायला इतका काळ गेला की तोवर तिचा डावा डोळाही बंद झाला होता.

पण त्या दिवशी तिला आणखी एक विचारायचं होतं.

“तुरुंगात काम लावतेत ना?”

“लावतात.”

“मंग त्याला पिंपं धुवाया लावा म्हनावं,” ती म्हणाली आणि सूप परत मांडीवर घेतलं.